मास्तरला खोकला झालाय

"मास्तर, सोड ती चप्पल. सोड म्हणते ना... चोर कुठला."

मालन ओरडली आणि तिसरीच्या वर्गातून एक तरुण माणूस बाहेर आला. डोळ्यांवर चष्मा, खडूने पांढरी झालेली बोटं आणि पाय अनवाणी. दाराबाहेर त्याची एकच चप्पल उरली होती. दुसरी श्रावणाच्या भुरभुरीत, मैदानातल्या चिखलातून, एका तांबड्या कुत्र्याच्या तोंडात चालली होती.

"मला म्हणालात?"

"नाही... तुम्हाला नाही. मास्तरला."

"मास्तर तर मीच आहे," तो शांतपणे म्हणाला. "आणि चप्पलही माझीच आहे. स्वतःचीच चप्पल चोरणारा मास्तर तुम्ही पहिल्यांदाच पाहिला असेल."

"तुम्हालाच पहिल्यांदा पाहतेय," मालन बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली.

आता खरं सांगायचं तर यात तिचा दोष नव्हता. विंचूरची ही मुलगी डी.एड.साठी गेल्या वर्षी नाशिकला आलेली, मुक्काम नाशिक रोडला सुलामावशीच्या दोन खोल्यांत. आल्याच्या आठवड्यातच हे कुत्रं स्टेशनपासून तिच्या मागे लागलं ते थेट मावशीच्या दारात येऊन बसलं. कपाळाला कायमच्या आठ्या, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं मास्तर. नोटांच्या प्रेसचा भोंगा झाला की हे महाराज त्याच्या सुरात सूर मिसळायचे, आणि दिसेल त्याची डाव्या पायाची चप्पल उचलून मावशीच्या दारात आणून टाकायचे. उजवीला तोंड लावतील तर शपथ. मावशीने बजावून ठेवलं होतं, "कुत्रं उंबऱ्याबाहेर. आत आलं तर तुझी वळकटीही त्याच्याबरोबर बाहेर." पण परक्या गावात घरची आठवण आली, की मांडीवर मान टाकून बसणारं तेवढं एकच होतं. त्या दिवशी ती सराव पाठासाठी शाळेत आली, तर हाही न विचारता मागोमाग.

मालनचे वडील भिकननाना विंचूरला कांद्याच्या बाजारात हमाली करायचे. घरात मुलगी तर सोडाच, मुलगाही कधी सातवीपुढे गेला नव्हता. तिला एस.टी.त बसवताना नाना म्हणाले होते, "शीक पोरी. लोकं लय बोलतील, बोलू दे. पर एक जरी वावगी गोष्ट माझ्या कानावर आली, तं मीच येऊन घेऊन जाईन." नानांचा शब्द म्हणजे शब्द, हे मालनला ठाऊक होतं.

नानांना वाचता येत नव्हतं. मालनचं पत्र पोस्टमन खंडेराव वाचून दाखवायचा, तेही ओट्यावर, चार माणसं बसलेली असताना. खंडेरावला कळलं म्हणजे विंचूरला कळलं. म्हणून मालन पत्रात जेवणाचं लिहायची, अभ्यासाचं लिहायची, आणि मास्तर नावाच्या कुत्र्याचं लिहायची. त्यात कोणाला काय वावगं दिसणार?

चष्मेवाल्या गुरुजींचं नाव पुंजाराम. आजोबांचं नाव ठेवलेलं, त्यामुळे वयापेक्षा तीस वर्षांनी मोठं. मालन तिसरीला शिकवायची तेव्हा ते मागच्या बाकावर बसून ऐकायचे आणि तास संपला की तिच्या पाठ-टाचणाच्या वहीत शेरा लिहायचे. पहिला शेरा होता, "आवाज चांगला. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. दारातल्या कुत्र्याचे पाठाकडे लक्ष होते, मुलांचे कुत्र्याकडे." तिसऱ्या आठवड्यात मात्र एक शेरा असा आला की मालनने तो पुन्हा पुन्हा वाचला. "हसू चांगले" असं लिहून, त्यावर काट मारून, खाली "हस्ताक्षर चांगले" असं केलेलं.

"गुरुजी, इथे काय खोडलंत?"

"शाई सांडली."

"शाई अशी सरळ रेघेत सांडते?"

"आमच्या शाळेत शिस्त आहे," पुंजाराम म्हणाला, आणि त्याचे कान मात्र लाल झाले.

पुढे एक गंमत झाली. कुत्रं चप्पल पळवतं हे सगळ्या शाळेला कळलं, सगळे आपापल्या चपला आत घेऊ लागले. एकटा पुंजाराम रोज दाराबाहेर ठेवायचा. मग संध्याकाळी एका पायात चप्पल घालून मावशीच्या दारात हजर. मावशी कपाळाला हात लावायची. "या गुरुजीला पायातली चप्पल सांभाळता येत नाही, हा पोरं काय सांभाळतो?" पण चहा मात्र दोन कप टाकायची. तो ओट्यावर बसायचा, मालन उंबऱ्याच्या आत, आणि मधे मास्तर, दोघांकडे आळीपाळीने बघत.

असं करता करता पत्रं बदलत गेली. मालनने लिहिलं, "मास्तर काल आला नाही, जेवण गेलं नाही." मग लिहिलं, "मास्तरला खोकला झालाय. गवती चहा करून दिला." एकदा तर लिहिलं, "मास्तरने आज नऊचा पाढा असा शिकवला, की मलाही नव्याने कळला." लिहिताना तिला वाटायचं, आपण किती हुशार. पण आंतरदेशीय पत्राची कड चिकटवण्याआधी ती ते पुन्हा एकदा वाचून बघायची. दुसऱ्या कोणाला सांगणार होती ती? एवढा आनंद एकटीच्या पोटात मावत नव्हता, आणि सांगितला तर शिक्षण जात होतं.

"घरच्या पत्रात माझं नाव कधी येतं का?" पुंजारामने एकदा विचारलं.

"मास्तरबद्दल दर पत्रात लिहिते."

"कुत्र्याचं नशीब..." तो हसला, आणि मग हसायचा थांबला. "मालन, मला तुम्हाला एक... जाऊ द्या. परीक्षा होऊ दे, मग बोलू."

परीक्षा व्हायच्या आधीच नाना आले. जानेवारीची थंडी, डोक्याला मफलर, हातात रिकामी पिशवी. पुंजाराम एका पायात चप्पल घालून ओट्यावर बसलेला. नानांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, चपला काढल्या आणि मालनला म्हणाले, "तुझा मास्तर दाव मला."

मालनने घाईघाईने कुत्र्याला हाक मारली. ते शेपूट हलवत आलं. नानांनी वाकून त्याच्या कपाळावरच्या आठ्यांवरून हात फिरवला.

"हा नव्हं," ते म्हणाले. "खोकला झाला व्हता, तो."

मालनच्या तोंडचं पाणी पळालं.

"कुत्र्याला गवती चहा कोण पाजतं? कुत्रं आलं नाय म्हणून जेवण जायाचं राहतं का कोणाचं? खंडेराव वाचतो अन् हसतो. म्या एकेक पत्र तीनदा वाचून घेतलं. मला वाचता येत नाय पोरी, ऐकता येतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. "तुला न्यायला आलोय मी."

मालनला वाटलं, झालं. दीड वर्ष, वह्या, फळा, सगळं त्या रिकाम्या पिशवीत भरून परत जायचं. तिने पुंजारामकडे बघितलंसुद्धा नाही.

तो मात्र उठून उभा राहिला होता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"जय भीम, नाना. खोकला मला झाला होता."

दूर स्टेशनात गाडीने शिट्टी दिली.

"माझी बातमी विंचूरपर्यंत गेली, हे मला आत्ता कळलं," तो म्हणाला. "मला मालन फार आवडते. तिला अजून सांगितलं नव्हतं, तिची परीक्षा व्हायची होती म्हणून. तुम्ही तिला न्यायचं म्हणत असाल तर मी ही शाळा सोडतो, कुठेही बदली मागतो. पण तिचं डी.एड. मोडू नका. वर्गात ती माझ्यापेक्षा चांगली शिकवते."

मालनचे डोळे भरून आले. नाना बराच वेळ कुत्र्याचे कान कुरवाळत बसले.

"हिला पुरतं लपवता आलं असतं," ते शेवटी म्हणाले. "पर बापाला सांगितल्याबिगर राहवलं नाय हिला. त्याला वावगं कसं म्हणू मी?" मग पुंजारामला म्हणाले, "बदली-फिदली नको. हिला नोकरीचा कागद येऊ द्या, मग घरची माणसं घेऊन विंचूरला या. तवर ओट्याच्या आत पाय नाय टाकायचा."

"नाही टाकणार."

"त्याला काय, उंबऱ्याबाहेर बसायची सवय आहे," आतून मावशी म्हणाली.

नाना निघायला उठले तर त्यांची डावी चप्पल गायब. ओट्याखालून मास्तर डोळे मिचकावत बघत होता, समोर दोन डाव्या चपला. मालनने रडत हसत त्या ओढून काढल्या आणि एक नानांच्या पायाशी ठेवली, एक पुंजारामच्या.

चप्पल पायात सरकवत नाना म्हणाले, "अन् आता पत्रात दोघांची नावं येगळी लिहीत जा. खंडेराव गावभर सांगत फिरतो, भिकनच्या पोरीचं कुत्रं पाढे म्हणतं."