कोरड्या नदीत

उद्या सुनावणी होती आणि त्याआधी दरीतल्या नदीचं वाहतं पाणी मोजून आणायचं होतं. नाहीतर सरकारी नकाशावर ती 'कोरडी'च राहणार आणि अख्खी दरी खाणवाल्यांच्या घशात जाणार! पाणीमोजणीच्या इंजिनिअरबाई धुमसतच दोरावरून उतरत होत्या. त्यांच्या घरच्या नळाला याच नदीचं पाणी येत होतं.

वर दोर सांभाळत होता त्यांचा दीर, कडे चढण्या-उतरण्यात पटाईत; शेवटी तोही दोर घेऊन खाली येणार होता. बाईंच्या मागोमाग धापा टाकत येत होते नकाशेवाले साहेब. नदीला कोरडी ठरवलं होतं यांनीच, म्हणून बाईंनी त्यांना हट्टाने सोबत ओढलं होतं.

"उपग्रहाच्या फोटोत पाणी दिसलं नाही तर कोरडी लिहायची, असा नियमच आहे हो," साहेब कुरकुरले.

"झाडांखालचं पाणी वरून दिसेल कसं? उद्या छपराचा फोटो काढाल आणि म्हणाल, घरात माणसंच नाहीत!"

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे जंगल जितकं दाट, तितकी नदी कोरडी! हा नियम करणाऱ्यांनी जन्मात कधी खुर्ची सोडली होती का?

काटेरी जाळ्यांतून, घसरत्या मुरुमावरून, हातपाय सोलून घेत तिघे खाली पोहोचले, तेव्हा झाडांच्या गर्द सावलीत नदी दगडांवरून धो धो वाहत होती. साहेब बघतच राहिले. बाई कमरेभर पाण्यात शिरल्या आणि मोजणीचं यंत्र त्यांनी धारेत धरलं. आकडा स्थिरावेपर्यंत हलायचं नव्हतं.

यंत्र नीट बघायला साहेब शेवाळलेल्या दगडावर आले. पाय सटकला. धप्प!

"वहिनी, साहेब वाहून चाललेत!" दीर ओरडला.

यंत्र की माणूस? बाईंनी दात-ओठ खात यंत्र सोडलं. झेप घेतली. कॉलर हाती लागली! दिराने दोर फेकला. बाईंनी पकडला. त्याने सगळा जीव लावून दोघांना काठावर ओढलं.

यंत्र कधीच दिसेनासं झालं होतं.

"आता सुनावणीत दाखवणार काय, वहिनी?" दिराने हताशपणे विचारलं.

"यांना!" बाई साहेबांवर कडाडल्या. "उद्या सगळ्यांसमोर उभे राहा आणि सांगा, कोरड्या नदीत माणूस बुडतो कसा! सांगाल ना?"

"सांगतो" म्हणायला साहेबांनी तोंड उघडलं, पण आधी बाहेर आलं ते नदीचं पाणी.