फुली गेली कुठे?

"अजून शिट्ट्याच मारून राह्यली!" छोटा लोटू कानांवर हात ठेवून ओरडला.

दुपारची पॅसेंजर वळणापलीकडे, केळीच्या बागेआड आजही अडली होती. वीस मिनिटांनी ती कशीबशी फलाटाला लागली. उन्हात भाजून निघालेले उतारू धावत सुटले ते फलाटावर मुलांनी लावलेल्या पाणपोईकडे.

"पुण्यवान पोरं गं माय!" लोटा रिकामा करत एक म्हातारी म्हणाली. पण पाणी देणाऱ्या शारदाचं तिकडे लक्षच नव्हतं. समोर ड्रायव्हर स्टेशन मास्तरांशी भांडत होता, "सिग्नलच दिला नाही!"

"दिला व्हता, साहेब! मी सोता खटका ओढला!" शारदाचे वडील दगा सिग्नलच्या केबिनमधून धावत आले होते.

"तीन दिवस झोपा काढतोस! उद्या मोठे साहेब येताहेत. नोकरी गेलीच म्हणून समज," मास्तर गरजले.

वेगवेगळ्या रेल्वे एकत्र करून सरकारने नवी मोठी रेल्वे केली, त्यानंतरचा हा पहिला उन्हाळा. बऱ्हाणपूरजवळच्या केळगाव रोड स्टेशनात रूळ बदलत होते, फलाट उंच होत होता, नवे सिग्नल उभे राहत होते. फक्त लहानांचं ऐकायचं नाही, ही मोठ्यांची सवय तेवढी बदलत नव्हती!

"मामा खोटं बोलणार नाही. गाडी अडते तिथंच जाऊन पाहू ना!" बऱ्हाणपुरातल्या सिंधीपुऱ्याहून सुट्टीला आलेला आतेभाऊ वामन म्हणाला. इतकी साधी गोष्ट! पण एवढ्या उन्हात चालायची एकाही मोठ्याची तयारी नव्हती.

तिघं निघाले. वळणापलीकडे नवा कोरा सिग्नल हात आडवा धरून उभा होता. शारदा थबकली.

"याची फुली कुठंय? सिग्नल सुरू होईपर्यंत त्याच्या हातावर दोन फळ्यांची फुली ठोकतात. फुली दिसली की ड्रायव्हर तिकडे बघत नाही. फुली नसली तर त्याला थांबावंच लागतं! बाबांचा खटका तर आतल्या जुन्या सिग्नलचा आहे."

"म्हणजे ड्रायव्हर बी खरा अन् मामा बी खरा!" वामनने उडीच मारली.

त्यांनी नवे सिग्नल उभारणाऱ्या टोळीचा मुकादम भाईदास याला गाठलं. तो झाडाखाली आडवा झाला होता. "फुली? असंल तिथंच. ऊन लागलं का तुमाले? पळा!" मास्तरांनी तर दारातूनच हाकललं.

शारदाला रडूच कोसळलं. "पाणी प्यायला सगळे येतात, ऐकायला कुणी नाही!"

"पण हे सुरू कधी झालं?" वामनने विचारलं.

"तीन दिवसांपूर्वी, आखाजीच्या सणाला. त्याच दिवशी आपण पाणपोई..." शारदा बोलता बोलता थांबली आणि पळत सुटली.

पाणपोईच्या रांजणाखाली दोन पांढऱ्या फळ्या होत्या! दोन्हींच्या मधोमध खिळ्याची भोकं.

लोटूचा चेहरा पडला. "मीच मागितल्या. रंगवायला खाली काढून वाळत टाकल्या होत्या. मुकादम म्हणे, ने, पडल्याच आहेत."

"अबे, म्हणजे गाडी आपणच अडवली! गुपचूप नेऊन ठोकून टाकू?" वामन कुजबुजला.

"नाही! मग बाबा झोपले होते, हेच खरं ठरेल," शारदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मास्तर मुलांना जवळ फिरकू देईनात. पण वैशाखातल्या उन्हात पाण्याला नाही कोण म्हणेल?

"साहेब, पाणी!" शारदाने लोटा पुढे केला. साहेब दोन लोटे प्यायले.

"आता रांजणाखाली बघा, साहेब! ही नव्या सिग्नलची फुली आहे. फळ्या आम्हीच मागितल्या, चूक आमचीही आहे. पण माझे बाबा झोपले नव्हते!"

साहेबांनी भोकांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी मुकादमाकडे पाहिलं. भाईदास डोकं खाजवू लागला. "मास्तर, तुम्ही तिथे जाऊन पाहिलंत?" साहेबांनी विचारलं. मास्तरांनी मुकादमाकडे बोट दाखवलं.

"तीन दिवसांत कुणी गेलं नाही, ही पोरं गेली! शाबास! दगा, तुझ्यावर ठपका नाही." साहेबांनी रांजणाखाली घालायला रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर दिले. फुली तासाभरात वर चढली.

दुपारची पॅसेंजर अडली नाही, शिट्टीही नाही. उतारू हसत उतरले, भराभर घरी गेले. रांजण अर्धा भरलेलाच राहिला.

"आज पुण्यवान कुणी म्हटलं नाही," लोटू हिरमुसून म्हणाला.

तेवढ्यात दगा केबिनमधून खाली आले. तीन दिवस ते पाणपोईकडे फिरकलेही नव्हते. शारदाने भरून दिलेला लोटा त्यांनी एका दमात संपवला आणि तो पुन्हा पुढे केला.

"भर, पोरी. लय तहान लागली व्हती."