चरकाची जाळी

ज्ञानू सुटला.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण बुधवारचे सकाळचे नऊ वाजलेत, ज्ञानूच्या हातात बेड्या आहेत आणि कुंडलच्या गुऱ्हाळात त्याचा जोडीदार बिराप्पा ऊस पिळणाऱ्या चरकात निम्मा आत, निम्मा बाहेर आहे.

सहा वाजता टॉवेल दातेरी चाकांत गेला. टॉवेलामागून मान, मानेमागून खांदा. रस लाल झाला. काहिलीखालचा जाळ मात्र कुणी विझवला नाही. गूळ होत आला होता.

फौजदार संयोगिता खाली वाकल्या. काळ्या पडलेल्या रक्तावर लोखंडाचा चमकता कीस होता. चरकाच्या चौकटीला चार भोकं. चाकांवर हळदीकुंकवाची पाच-पाच बोटं. दारातून एक कोंबडी आत आली, रक्त बघून परत गेली.

“चाकांना जाळी नाही?”

“व्हती की मॅडम! गेल्या सालापासनं हाय,” गुऱ्हाळाचे मालक लालासाहेब म्हणाले. “ह्या ज्ञान्यानं पहाटं खोलली. काल दोघांची जुंपली व्हती. ही बघा, त्याच्याच खाटंखाली घावली.”

संयोगितांनी जाळी उलटीपालटी केली. कोपऱ्यात एक पीस अडकलं होतं.

“म्हणजे खून?”

“सरळ सरळ खून!”

“आणि जाळी मुळातच नसेल, तर जबाबदारी जागेच्या मालकाची.”

लालासाहेबांनी ज्ञानूकडे बोट दाखवलं.

“जाळी कवाच नव्हती, बाई,” ज्ञानू म्हणाला. “आमी तीन अर्ज दिलं. मालकांनी लिंबू-मिरची बांधली.”

लिंबू-मिरची चरकावर लटकत होती. तिला खरचटलंही नव्हतं.

“भांडण कशावरून?”

“आज चरकात ऊस कुणी सारायचा त्यावरनं. मी म्हनलं, माजी पाळी. त्यो म्हनला, न्हाई, माजी.” ज्ञानूने चरकाकडे बघितलं. “जिकला त्यो.”

लालासाहेबांची बायको अंजनाकाकी चहा घेऊन आल्या.

“काकी, पूजा छान केलीत.”

“व्हय बाई! सोमवारी गुऱ्हाळ लागलं तवा म्याच केली. एक चाक सोडलं न्हाई.”

“जाळी काढून?”

“कसली जाळी? जाळी असती तर हात पोचला असता व्हय?”

“अंजे, चहा निवतोय!” लालासाहेब ओरडले.

संयोगितांनी चहा शेवटपर्यंत प्यायला.

“सोमवारी जाळी नव्हती, लालासाहेब. आज सहा वाजताही नव्हती. भोकं गेल्या वर्षीची असती, तर हा कीस इथं दिसलाच नसता. तो रक्ताच्या वर पडलाय. ज्ञानू चरक बंद करून गाडी आणायला पळाला. तुम्ही ड्रिल आणलं आणि मेलेल्या माणसाशेजारी उभं राहून चार भोकं पाडलीत. मग जाळी ज्ञानूच्या खाटेखाली सारलीत.”

“मग जाळी आनली कुठनं मी?”

“खुराड्याची आहे. म्हणून कोंबड्या मोकळ्या फिरतायत.”

लालासाहेबांनी कोयता उचलला आणि ज्ञानूवर झेप घेतली. ज्ञानूने हात वर केले. पहिला घाव बेड्यांवर बसला, ठिणगी उडाली. दुसऱ्याने ज्ञानूचा अर्धा कान उडाला. तिसऱ्याला लालासाहेबांचा पाय सांडलेल्या पाकावरून सटकला आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं.

“आरं मेलो! हितं पाक कुनी सांडला? कुनाची जबाबदारी हाय ही?”

“मालकाची,” संयोगिता म्हणाल्या आणि बेड्या ज्ञानूच्या हातातून काढून लालासाहेबांच्या हातात घातल्या.

ज्ञानूने कानाला टॉवेल दाबला. मग त्याने शिपायाकडे कागद मागितला आणि चौथा अर्ज सांगितला. शिपायाने तो सरकारी भाषेत उतरवला:

‘मा. फौजदार महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती, की सदर चरकास पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे आज सकाळी सहा वाजण्यापूर्वीपासून, जाळी बसवून मिळावी. ते शक्य नसल्यास आजची पाळी अर्जदाराच्या नावे लावून मिळावी.’