केतकीची गाडी

गाडी विकली की कचूनाना बोरस्त्यांच्या पदरात काय पडणार होतं? शेडमधली जागा, पण तो किरकोळ लाभ. खरा लाभ असा, की त्यांच्या पत्नी शालनताई रोज दुपारी त्या गाडीत काचा लावून बसत आणि मुलीची आठवण काढत, ते थांबणार होतं. केतकीनं आपल्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हापासून नानांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. गाडी गेली की तिचं नावही घरातून जाईल, असा त्यांचा साधा व्यवहार.

गिऱ्हाईक, ओझरचे आहेर गुरुजी, नऊला येणार होतं. आणि निफाडची थंडी अशी, की पॉलिश डब्यातच थिजलेलं. फडकं घासावं तसे त्याचे गोळे होत. बोनेटवर नुसते पांढरे फराटे.

"छळ मांडलाय या गाडीनं!"

"गाडीनं नाही, थंडीनं," ओसरीवरून चहाचा घोट घेत शालनताई म्हणाल्या. "सांधरंग आहे तो. कंपनीचा माणूस काय म्हणाला होता? उन्हाशिवाय हात लावू नका."

सांधरंगाची करामत एके काळी गावभर गाजली होती. ओरखडा पडला की उन्हाच्या उबेनं रंगाचे कण सरकत आणि खाच भरून काढत. संध्याकाळी गाडी पुन्हा नवी. थंडीत मात्र कण गारठून निजत.

"ऊन येईपर्यंत गुरुजी येऊन जातील! अगं, शेकोटीनं द्राक्षाची बाग वाचते, मग हा पत्रा काय चीज आहे?"

नानांनी निखाऱ्यांची घमेली आणून गाडीभोवती मांडली. पॉलिश वितळलं, रंग झळाळला. नानांनी मिशीवरून हात फिरवला. "बघ!"

शालनताई बघतच होत्या. बंपरवर फाटकाची जुनी रेघ उमटली. मग कुत्र्याची नखं. रंग प्रमाणाबाहेर तापला होता; खाचा भरायला गेलेले कण आपापल्या मूळ जागी परतत होते आणि झाकलेलं सगळं उघडं पडत होतं. नाना फडकं घेऊन या बाजूकडून त्या बाजूला धावले. शेवटी मागच्या दारावर, लहान पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, खिळ्यानं कोरलेली अक्षरं वर आली:

'ही गाडी केतकीची. बाबांनी विचारून न्यावी.'

गाडी नवी आली त्या दिवसाचं हे. नाना तेव्हा पोरीवर कडाडले होते. संध्याकाळी दार गुळगुळीत झालं, आणि प्रकरण मिटलं असं ते धरून चालले होते.

"घासा ना," शालनताई म्हणाल्या. "जोर लावून घासा!"

नानांचा हात उठेना.

तेवढ्यात आहेर गुरुजी आले. चष्मा पुसून त्यांनी दार मोठ्यानं वाचलं. "मग बोरस्ते, विचारलंत का?"

"कुणाला?"

"मालकिणीला, दुसऱ्या कुणाला!"

गुरुजी चहा पिऊन माघारी गेले. त्यांची एक सकाळ गेली, एवढंच. शालनताईंची गाडी राहिली. भुर्दंड एकट्या नानांवर पडला. राखेनं माखलेल्या बोटानं त्यांनी केतकीचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजू लागली.

निखारे विझले होते. कोवळं ऊन आता दारावर आलं होतं आणि अक्षरं कडेकडेनं भरत चालली होती. ती पुरती मिटायच्या आत केतकी फोन उचलेल?