झिपरीचे घडीचे टेबल

झिपरीला पुढच्या यानाने पृथ्वीवर पाठवावे, हा आदेश हेमांगी कोरगावकरने दोनदा वाचला आणि ती स्क्रूड्रायव्हर शोधायला लागली.

चांद्रतळावर बारा माणसे आणि एक कुत्री राहत होती. कमी गुरुत्वात हाडे किती झिजतात हे पाहण्यासाठी झिपरीला वर आणले होते. प्रयोग गेल्या महिन्यात संपला, अहवाल गेला, झिपरी मात्र हेमांगीच्या बिछान्यात कायमची मुक्कामाला आली. तळाची हवा शुद्ध ठेवणे हे हेमांगीचे काम. तिचा करार अजून तीन वर्षांचा आणि झिपरी आताच नऊ वर्षांची. आता ताटातूट झाली तर पुन्हा भेट होईलच असे नव्हते, आणि हा हिशेब हेमांगीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आदेशामागची तक्रार मात्र खरी होती. झिपरीचे लांब केस हवागाळणीत अडकत आणि दर दोन दिवसांनी धोक्याची घंटा वाजे.

"मलाही ती आवडते गं," तळप्रमुख फ्रान्सिस तुस्कानो म्हणाले. मूळचे वसईचे, माणूस मऊ, पण नियमांना पक्का. "गाळणी तुंबली तर बारा जणांनी श्वास कुठून घ्यायचा?"

"यान कधी येतंय, सर?"

"चौदा दिवसांनी."

"तोवर घंटा एकदाही वाजली नाही तर?"

तुस्कानो हसले. "तर राहू दे तिला."

उपाय तसा सोपा होता. झिपरीला रोज विंचरायचे आणि सुटे केस उडण्याआधी पकडायचे. पण चंद्रावर अठरा किलोच्या कुत्रीचे वजन पृथ्वीवरच्या तीन किलोंएवढे भरते. कंगवा ओढला की त्याच्यामागून कुत्रीही येई. म्हणून टेबल हवे, पाय न घसरणारे, गळ्याशी सैल पट्टा असलेले. तेही घडीचे हवे, कारण तळाच्या बोळात समोरून माणूस आला की दोघांनाही पोट आत ओढावे लागे.

मोडक्या बिछान्याची ॲल्युमिनियमची फळी मिळाली. शिध्याच्या कपाटाच्या बिजागऱ्या तिने कुणाला न विचारता काढल्या. निकामी अँटेनाचे पाय खाली बसवले, कडेला हवा ओढणारी नळी जोडली आणि वर स्वतःची व्यायामाची रबरी चटई कापून चिकटवली. पहिल्याच दिवशी कडी निसटली आणि टेबलाने झिपरीसकट घडी घातली. चंद्रावर सगळे सावकाश पडते. झिपरी अगदी ऐटीत खाली उतरली आणि दिवसभर हेमांगीशी बोलली नाही. हेमांगीने दुहेरी कडी बसवली. तोवर ती गाळणी रोज हाताने साफ करत राहिली. तिसऱ्या दिवशी टेबल खडकासारखे उभे राहिले.

मग रोज सकाळी वीस मिनिटे विंचरणे सुरू झाले. घंटा गप्पच राहिली. दहाव्या दिवशी हेमांगीने गाळणी उघडली, आणि जे दिसले ते घेऊन ती तडक तुस्कानोंकडे गेली. तळाचे डॉक्टर सलीम मुजावर तिथेच बसले होते.

"गाळणीत केस नाहीतच," ती म्हणाली. "पण चंद्रधूळही निम्म्याने कमी झालीय. झिपरी इथे यायच्या आधीसुद्धा हवा एवढी स्वच्छ नव्हती. मग धूळ गेली कुठे?"

"तू तिला कशावर उभी करतेस?" मुजावरांनी विचारले.

"रबरी चटईवर. घसरू नये म्हणून."

"आणि कंगवा प्लास्टिकचा. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलले होतेस ना? तेच आहे हे. घासल्यामुळे केसांवर विद्युतभार येतो. धातूवर उभी असती तर तो पायांवाटे निघून गेला असता. रबर त्याला जाऊ देत नाही, आणि इथली जमीनही प्लास्टिकची. बाहेरून येणाऱ्यांच्या पोशाखांवरून पिठापेक्षा बारीक धूळ आत येते. भारलेली झिपरी जिथे फिरते तिथली धूळ ओढून घेते."

"म्हणजे ही आपली चालती हवागाळणी!" तुस्कानोंनी टाळीच वाजवली. "आदेश रद्द. आता दिवसातून दोनदा विंचर तिला."

हेमांगीला आनंदाने रडू फुटले. मुजावर मात्र हसले नाहीत.

"ती केसांत नाक खुपसून अंग चाटते ना?" त्यांनी विचारले. "चल, तिच्या छातीचं क्ष-किरण चित्र काढू."

हाडांच्या प्रयोगामुळे मागच्या महिन्याचे चित्र हाताशी होते. त्यात फुप्फुसे स्वच्छ होती. नव्या चित्रात खाली पांढरे ठिपके दिसत होते.

"चंद्रावर वारा नाही, पाणी नाही," मुजावर म्हणाले. "त्यामुळे धुळीच्या कणांच्या कडा झिजत नाहीत, काचेसारख्या राहतात. ही सुरुवात आहे. आज थांबवलं तर बहुतेक निभेल."

"रबर काढून टाकलं तर?" हेमांगीने विचारले.

"वेग कमी होईल. पण तिचं नाक जमिनीपासून वीतभर वर, आणि धूळ जमिनीलगतच असते. इथे तिची तीन वर्षं निघायची नाहीत."

आपण रोज सकाळी लाडाने काय करत होतो ते हेमांगीला कळले, आणि तिला स्वतःच्या हातांची चीड आली.

तुस्कानोंनी चित्र बाजूला ठेवले. "या यानानंतरचं यान सहा महिन्यांनी आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तोवर तरी राहू दे. बारा माणसांची फुप्फुसं आहेत, हेमांगी."

"भार केसांवर येतो, सर. त्याला कुत्री लागत नाही. केस कापून फिरत्या रुळावर बसवून देते, पोशाख बदलायच्या दालनात. घासायला रबर आहेच. केस इथे राहतील. झिपरी या यानाने जाईल."

"तूच तर तिला ठेवून घ्यायला भांडत होतीस."

"हो. आता पाठवायला भांडतेय."

तुस्कानोंनी आदेशावर पुन्हा सही केली.

चौथ्या दिवशी यान आले. कातरलेली झिपरी निम्मी दिसत होती आणि गुलाबी कातडीवरून हात फिरवला की शहारत होती. रूळ कालपासून फिरत होता आणि त्यावर धूळ चढतही होती. हेमांगीने झिपरीला आसनाला बांधले आणि पट्टे तीनदा तपासले.

"कुडाळला माझा भाऊ आहे, तो उतरवून घेईल," ती वैमानिकाला म्हणाली. "हिला एकच हुकूम कळतो. मी परत येईपर्यंत तो रोज एकदा द्यायला सांगा त्याला."

"कुठला हुकूम?"

हेमांगी झिपरीच्या कानाशी वाकली.

"थांब," ती म्हणाली.

झिपरीने शेपटी एकदा आपटली. मग हेमांगीने यानाचे दार स्वतःच्या हाताने लावले.