सव्वा मूठ गहू

यशोदाबाईने पदराच्या गाठीत सव्वा मूठ गहू बांधले आणि सकाळची एस.टी. पकडायला ती पारोळ्याच्या स्टँडवर आली. कंडक्टरला तिने फाट्याचं नाव सांगितलं, तसा तो तिकीट फाडता फाडता थबकला. एकदा तिच्याकडे बघितलं आणि पुढे सरकला. त्या फाट्यावर माणसं उतरायची तेवढी. चढायचं कुणी नाही.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. यशोदा निघाली होती धाकट्या बहिणीला, सुंदरबाईला, परत आणायला. आई गेली तेव्हा सुंदर अंगावर पीत होती. यशोदेनेच तिला कडेवर वाढवलं. पुढे सुंदरचा नवरा गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं, आणि ती बिचारी बहिणीच्या दारी आली. श्रावणात घरी कानबाई, आपल्या खानदेशातली देवी, बसली. कानबाईच्या नैवेद्याच्या जाड रोटांसाठी घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचे, अशी आपल्याकडची रीत. ज्याची मूठ निघाली तो घरचा. रोट घरच्यांनीच खायचे, परक्याला तुकडाही द्यायचा नाही. यशोदेची सासू मुठी काढायला बसली. यशोदेच्या नवऱ्याची, धनसिंगची निघाली, यशोदेची निघाली, पोरांच्या निघाल्या. सुंदर सूप धरून समोरच बसली होती.

"इनी मूठ आपला घरमा नही," सासू म्हणाली. "हाई सासरनी."

सासरने तर हाकललेलं! मग हिची मूठ काढायची कुणी? सगळे रोट खायला बसले तेव्हा सुंदर ओसरीवर कालची भाकर कुस्करत होती. आठवडा उलटला नाही तोच ती घरातून गेली. बोरी नदीपल्याड मुठीवाले म्हणवणाऱ्या एका पंथाचा मठ होता, तिथे ती आहे असं पुढे कळलं. धनसिंग तिला आणायला गेला आणि मठाअलीकडच्या नाल्यावरूनच माघारी आला. काय पाहिलं म्हणून विचारलं तर चिडायचा. शेवटी यशोदा म्हणाली, मी जाते. तिने एकदा मनावर घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.

फाट्यावर वना गाडीवान भेटला. नाल्यापर्यंत त्याने बैलगाडीतून सोडलं. तिथे बैल आपणच थांबले.

"अक्का, तठलं काही खाऊ नको," वना हळूच म्हणाला. "पानी बी पेऊ नको."

"मना गहू मनाजोडे शेतस," यशोदा म्हणाली आणि नाला उतरली.

आश्विनातलं ऊन नुसतं भाजत होतं. दोन्हीकडे कपाशी फुटलेली, पण वेचायला शेतात एक बाई नव्हती. पाखरूही नव्हतं. पुढून घरघर ऐकू यायला लागली. जात्यांची. एक नाही, दोन नाही, पुष्कळ जाती एकदम फिरत असावीत अशी घरघर. वाऱ्यावर ताज्या पिठाचा वास होता, आणि त्या वासाच्या खाली काहीतरी कुबट.

मठ म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. आत दोन्ही बाजूंना माणसं ओळीने बसलेली, बाया, बाप्ये, प्रत्येकासमोर एकेक जातं. पण हात सगळ्यांचे मांडीवर. एकही जातं फिरत नव्हतं. घरघर मात्र चालूच होती, पायाखालच्या जमिनीतून आल्यासारखी. पण आवाज कुठून येतो ते बघायला यशोदा आली नव्हती.

"ये, यशोदा," पांढऱ्या पागोट्याचा एक म्हातारा हसत सामोरा आला. मठाचा प्रमुख चुडामण तो; मठात सगळे त्याला नाना म्हणत. "सुंदरले लेवाले उनी ना? विचार तिले."

सुंदर तिसऱ्या जात्यापाशी होती. अंगाने भरली होती, चेहरा तुकतुकीत. यशोदेने तिला हलवलं तर तिने शांतपणे नानाकडे बघितलं.

"नाना... हाई कोन शे?"

यशोदेचं काळीज फाटलं.

"ज्यानी मूठ कोनाच घरमा नही, त्यानं घर हाई शे," चुडामण म्हणाला. "आम्ही तिनी मूठ लिधी. बठ्ठासनी मिळीसन खादी."

"मंग मीबी तिनी मूठ आनेल शे," यशोदेने गाठ सोडून दाखवली. "माले जातं दे."

तो अडवेल असं तिला वाटलं होतं. पण त्याने हातानेच जातं दाखवलं.

"तुनाच हातनी मोजी का वं ही मूठ?"

"मनाच हातनी."

"बरं... दळ."

यशोदा दळायला बसली. पहिला घास टाकला, खुंटा धरला, तर जातं तिने ओढायच्या आधीच फिरलं. तिने दात खाऊन खुंटा घट्ट धरला आणि दळण संपेपर्यंत सोडला नाही. पीठ मळलं, चुलीवर जाडसा रोट भाजला. सुंदर तोंड फिरवायला लागली, तशी लहानपणी औषध पाजताना धरायची तशी तिची हनुवटी धरून यशोदेने तुकडा तिच्या तोंडात घातला.

"आपला घरना रोट शे. तुना नावना. खाय!"

सुंदरने चावला. पुन्हा चावला. मग तिचे डोळे भरून आले.

"अक्का... इतला दिन तू कोठे व्हती वं?"

यशोदेने तिचं मनगट पकडलं आणि ओढतच बाहेर काढलं. कोणी आडवं आलं नाही. त्या घाईत एक गोष्ट राहिली. दळण झालं की बाई जातं झाडून पुसून उठते, परक्याच्या घरचं असलं तर हटकून. यशोदा तशीच उठली होती. दारातून वळून बघितलं तेव्हा चुडामण जात्याच्या कडेचं उरलेलं पीठ फडक्याने गोळा करत होता. सगळं तळहातावर घेऊन त्याने मूठ मिटली आणि तिच्याकडे बघून हसला.

"जाय अक्का, तुना हातनं पीठ आठेच ऱ्हायनं," तो म्हणाला. "आमनं काहीच गयं नही."

सुंदर घरी आली, रुळली, हसायला लागली. वर्ष गेलं. श्रावणात पुन्हा कानबाई बसली. "यंदा मुठी मी काढणार," यशोदेने सासूला बजावलं, आणि पहिली मूठ काढली ती सुंदरच्या नावाची. मोठ्याने नाव घेऊन. सासूने ताट पुढे सरकवलं. यशोदेला वाटलं, जिंकलं! मग सगळ्यांच्या काढल्या. शेवटी स्वतःची काढायला तिने गव्हात हात घातला, तोच सूप धरून बसलेल्या सुंदरने तिचा हात धरला. सुंदरचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अक्का, तुनी नको काढू..."

"काबरं?"

"तुनी मूठ... तठे, मठमा लियेल शे."

"मनी मूठ मीच काढसू!" यशोदा कडाडली. हात सोडवून तिने गहू मुठीत आवळले, नखं रुतेपर्यंत आवळले, स्वतःचं नाव घेतलं आणि ताटावर मूठ उघडली.

ताटात पीठ पडलं. कोमट, नुकतं दळलेलं.