न केलेल्या वेल्डिंगची कबुली

"मॅडम, आरोपी कबूल झाला. वेल्डिंग कच्चं होतं, असं एक पत्र तेवढं द्या. मी फाइल बंद करतो."

रिसोडचे फौजदार हरिसिंग फोनवर असे बोलत होते, की जणू लग्न लागून गेलं आणि वैभवीनं आता फक्त जेवायला यायचं.

"कुठलं वेल्डिंग, साहेब?"

"केनवडच्या गोदामाचं. छत पडलं, बाई मेली, ते. फिटर हरीओम स्वतः येऊन सांगून राह्यला, तुळयांचं वेल्डिंग मीच जागेवर केलं अन् कच्चं केलं."

"जागेवर केलं म्हणतो?"

"व्हय. काहून?"

"मी पत्र देत नाही. मी येते."

वैभवी मूळची इंझोरीची. आता अमरावतीच्या एका कॉलेजात लोखंडी इमारतींवर संशोधन करायची. इमारत पडली की पोलीस तिचंच तांत्रिक मत मागवत. संशोधन म्हणजे काय, तर अख्खी तुळई यंत्राखाली घालायची आणि मोडेस्तोवर दाबायची. पोरगी शिकून शिकून भंगारवाली झाली, असं घरचे चिडवत. पण कुठं मोडतं ते कळलं, की तेवढ्या जागी आधार द्यायचा आणि बाकी लोखंड वाचवायचं. केनवडसारख्या गावात आज परवडणारी गोदामं उभी राहतात, ती अशाच मोडतोडीच्या जिवावर.

गोदाम गावाबाहेर होतं, शेतकऱ्यांच्या कंपनीचं. मे महिन्यातल्या कोरड्या वादळात त्याचं मधलं छत खाली आलं होतं. पेरणीसाठी नुकतंच आलेलं बियाण्याचं सोयाबीन निवडायला बसलेली सुंदरबाई त्याखाली गेली. तिचा नवरा देवला दारासमोर उकिडवा बसला होता.

"मॅडम, हे वाऱ्यानं पडलं का माणसानं?" त्यानं विचारलं.

"तेच पाहाले आली मी, दादा."

त्यानं सरकून दाराची वाट मोकळी केली. कळून बायको परत येणार थोडीच होती!

वैभवी वाकलेल्या पत्र्यांवरून आत शिरली. हरिसिंग टोपी सांभाळत मागून आले. तिनं पडलेल्या तांबड्या तुळईच्या वेल्डिंगच्या शिवणीवर बोट फिरवलं. पट्टीनं आखावी तशी सरळ शिवण, आणि कुठं तडा नाही. सांध्यांचे बोल्टही घट्ट. मोडली होती ती तुळईची खालची पट्टी, आणि मोडली म्हणजे तुटली नव्हती. धुणं पिळावं तशी बाजूला पिळली होती.

त्या पट्टीच्या अंगाला ठरावीक अंतरावर भोकं होती. एकातही बोल्ट नाही, सगळी गोल. एका भोकात गुलाबी साटीनची फीत गाठ मारून अडकली होती.

"हे काय, साहेब?"

"लग्नाचं असन. उन्हाळ्यात गोदाम रिकामं राह्यते. एवढ्या उन्हात बाहेर मांडव कोण टाकते? आतून छताले कापड बांधलं की झालं. अर्ध्या गावाचे लग्नं इथंच लागते."

"शेवटचं कोणाचं लागलं?"

"हरीओमच्याच बहिणीचं. राखीचं."

वैभवीनं ती गाठ सोडवली नाही. तशीच तिचा फोटो काढला.

हरीओमचं घर गोदामाच्या मागंच होतं. त्याचा बाप उकंडराव गोदामाचा राखणदार. आई प्रयागबाई दारातच वैभवीच्या हाताला झोंबली.

"बाई, माहं लेकरू कामात चोर नाई वं! कबूल काहून केलं त्यानं? काय झालं त्याले? तुमी शिकलेल्या हा. माहं पोरगं सोडवून आना. मले दुसरं काई नाई पाह्यजे."

"पाहते, मावशी," वैभवी म्हणाली. पाहते म्हणणं किती सोपं असतं!

चहा परसात आला. दोडक्याचा वेल आडव्या-तिडव्या लोखंडी अँगलवर चढून पसरला होता. हातभर लांबीचे, तांबड्या रंगाचे अँगल, दोन्ही टोकांना भोकं. वैभवीनं चहा संपवला आणि म्हाताऱ्याकडं वळली.

"काका, गोदामाची किल्ली कोणापाशी राह्यते?"

"माह्यापाशी."

"शिडी?"

"गोदामातच."

"छत पडल्यावर तुम्ही तिथलं काही हलवलं?"

"नाई. पोलीस आले तवाच मी आत गेलो."

"अन् लग्नाच्या आधी छताले कोणी हात लावला होता?"

उकंडराव कपात बघत राहिला. "मांडववाल्याले विचारा. मी म्हातारा मानूस, मी कायले वर चढू?"

तिनं मांडववाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आम्ही कापड बांधतो, लोखंडाला हात लावत नाही. यंदा तर छत आधीच मोकळं करून ठेवलं होतं, बांधायला सोपं गेलं.

रिसोडच्या ठाण्यात हरीओम भिंतीला टेकून बसला होता. वैभवी गजांजवळ खुर्ची ओढून बसली.

"तुळईची लांब शिवण तूच मारली?"

"व्हय."

"कोणत्या रॉडनं?"

"साध्या."

"अन् कुठं उभं राहून?"

"गोदामातच."

"हरीओम, माह्याकडं पाह्य. ती शिवण कारखान्यात मशीन मारते. तुळया तयार येतात. इथं तुम्ही त्या उचलता अन् बोल्ट आवळता. हे तुले माह्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जो गुन्हा इथं होऊच शकत नाही, तो कबूल करून कोणाले झाकून राह्यला?"

हरीओमनं तोंड फिरवलं. "तुमी पत्र द्या अन् जा ना, मॅडम. कायले उकरता?"

वैभवीला तेव्हाच वाटलं, जावं. खरंच जावं. पण दारासमोर बसलेला देवला काही डोळ्यांपुढून हलेना. तिनं हरिसिंगांना सांगून उकंडराव आणि प्रयागबाईला बोलावून घेतलं.

दोघं आले. प्रयागबाईनं लेकासाठी भाकरीचा डबा आणला होता.

"बोला, मॅडम," हरिसिंग म्हणाले. "छत पडलं कशानं?"

"आपल्याला वाटतं छत वरून दबतं. वादळात उलटं होतं, साहेब. मोठं दार उघडं असलं की वारा आत शिरतो आणि छत वर उचलतो. तेव्हा तुळईची खालची पट्टी दबते. पातळ पट्टी दबली की बाजूला पळते. तिनं पळू नये म्हणून पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी दांड्यांपासून तिला तिरके अँगल लावतात. जुन्या तुळया जाडजूड असायच्या, माणसाची चूक पोटात घालायच्या. आम्ही प्रयोग करकरून त्या पातळ केल्या, पण ते अँगल आहेत असं धरून. ते काढले की छत वादळाची वाट बघत उभं राहतं."

"वाऱ्यानंच तुटून उडाले असतील तर?"

"तुटले असते तर भोकं फाटली असती. भोकं गोल आहेत, म्हणजे पान्यानं सोडवले. आणि लग्नाची गुलाबी फीत त्याच भोकातून ओवली होती. बोल्ट असता तर ती गेलीच नसती. म्हणजे कापड लागायच्या आधीच अँगल निघाले. मांडववाल्यालाही छत मोकळंच मिळालं. किल्ली एकाकडं, शिडी आतच, आणि लग्न ज्याच्या लेकीचं..."

ती थांबली. प्रयागबाई नवऱ्याकडं बघत होती.

"अँगल तुमच्या परसात आहेत, काका. दोडक्याखाली."

मग उकंडरावचा आवाज फुटला.

"राखीचा सासरा, याही म्हने, अँगलाईनं कापड टेंगळं-टेंगळं दिसते. लेकीच्या लग्नात खाली पाहू का मी? काढले. मीच काढले. येवढ्याशा अँगलवर छत उभं हाये, हे मले कोनी सांगतलं होतं?"

कोणीच नाही. वैभवीला ते लागलं. या अँगलवर तिनं स्वतः दोन शोधनिबंध लिहिले होते, इंग्रजीत. गोदामाचा नकाशाही इंग्रजीत, कंपनीच्या कपाटात. केनवडात ते कोण वाचणार होतं? एवढं मोडून मोडून शिकलेलं ज्ञान शेवटी शिडीवर चढलेल्या माणसापर्यंत पोचलंच नाही. पुढच्या उन्हाळ्यातही लग्नं लागतील, आणि कोणत्या ना कोणत्या गोदामात कोणीतरी पाना घेऊन वर चढेल. हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि तिच्या हातात काही नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, कबूल," ती म्हणाली. "पण हरीओमला होतं."

"होतं," गजांमागून हरीओम बोलला. "लग्नातच वर पाह्यलं, तं अँगल नाईत. बाबाले म्हटलं, उद्या बसवून देतो. मंग मेहकरले काम लागलं. राहून गेलं, मॅडम. राहूनच गेलं."

"आणि छत पडल्यावर? वेल्डिंगची गोष्ट कोणी सुचवली?"

हरीओमनं बापाकडं पाहिलं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण म्हाताऱ्याला आता थांबता येईना.

"मीच म्हटलं. म्हटलं, तू जवान हायेस, चार सालानं सुटून येशीन. मी आत मेलो असतो. बाप म्हनून पाया पडलो त्याच्या."

प्रयागबाईच्या हातातला डबा खाली ठेवताना वाजला. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं.

"अन् मी रोज देवाले हात जोडून राह्यली," ती नवऱ्याला म्हणाली, "तू बाजूले बसून पाहत होता? भाकर खात होता?"

हरिसिंगांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "कायद्यानं दोघं आत जातील, मॅडम. म्हाताऱ्यानं काढले अन् खोटी जबानी द्यायले लावली. पोरानं माहीत असून लावले नाई, वरून खोटं सांगतलं. पोरगं सुटत नाई."

प्रयागबाईनं वैभवीकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. वैभवीनं मावशी म्हणून हाक मारली. एकाला सोडवायला आलेली ती, दोघांना आत घालून निघाली होती.

शिपायानं उकंडरावला उठवलं. कोठडीच्या कुलुपात किल्ली फिरली तशी प्रयागबाई पुढं झाली.

"साहेब, एक ऐकसान का? त्याईले एका खोलीत ठेवू नका."

"काहून, बाई?"

"पोरगं त्याले माफ करीन," ती म्हणाली. "मले ते नको."